आधी ओळख, मग कॅमेरा: मराठवाड्यात रेल्वेचं चित्रीकरण सुरू करणाऱ्यांसाठी

३० डिसेंबर २०२३ ला जालन्याहून मुंबईची वंदे भारत पहिल्यांदा सुटली. त्या दिवशी फलाटावर मोबाईल वर न धरलेला माणूस शोधून सापडला नसता. पुढारी, हमाल, शाळेची पोरं, बंदोबस्ताची माणसं, सगळ्यांचं शूटिंग चाललेलं, आणि कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. पुढच्या आठवड्यात त्याच गर्दीतला एखादा मुलगा भरदुपारी फलाटाच्या टोकाला एकटा उभा राहतो, समोरून जाणाऱ्या खताच्या मालगाडीवर कॅमेरा धरतो, आणि पाच मिनिटांच्या आत मागून आवाज येतो, "काय काढायलास रे? कुठला तू?"

हा लेख त्या मुलासाठी आहे. मुलीसाठीही आहे, कारण अलीकडे आमच्या गटात मुली येऊ लागल्यात आणि त्यांना तर "एकटीच कशी आलीस?" हा आणखी एक प्रश्न विचारला जातो.

मी परभणीचा. पूर्णा-अकोला मार्ग मीटरगेज, म्हणजे एक मीटर रुंदीच्या रुळांचा, होता तेव्हापासून गाड्या बघतोय. २००८ मध्ये तो ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांचा, झाला, वायडीएम-४ ही मीटरगेजची डिझेल इंजिनं आमच्या भागातून गेली, आणि माझ्याकडे त्यांचे जेमतेम चाळीस फोटो राहिले. निम्मे हललेले आहेत. कुणीतरी येऊन हटकेल या धास्तीनं घाईघाईत काढले होते. ती इंजिनं आता परत येणार नाहीत. पुढच्या इतक्या वर्षांत जे शिकलो ते आधी कुणी सांगितलं असतं, तर ते फोटो नीट आले असते. म्हणून हे सगळं पायरी-पायरीनं लिहितोय.

शंका का घेतात, ते आधी समजून घ्या

हटकणारा माणूस वाईट नसतो. त्याला तेच काम दिलेलं असतं. ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले. २००८ च्या हल्ल्याआधी डेव्हिड हेडली पर्यटकासारखा मुंबईत फिरला, ठिकठिकाणी व्हिडिओ काढले, आणि तेच पुढं हल्ल्याच्या तयारीला वापरले गेले. हल्ला झालेल्या जागांत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसही होतं. 'रेकी', म्हणजे हल्ल्याआधीची टेहळणी, हा शब्द तेव्हापासून प्रत्येक शिपायाच्या तोंडी बसला. स्टेशनाचा, पुलाचा, येण्याजाण्याच्या वाटांचा व्हिडिओ काढणारा अनोळखी माणूस दिसला की त्याच्या डोक्यात पहिला हाच शब्द येतो.

त्यात अलीकडच्या दोन गोष्टींची भर पडली. सप्टेंबर २०२४ मध्ये कानपूरजवळ कालिंदी एक्स्प्रेसच्या वाटेत रुळावर गॅस सिलिंडर ठेवलेला सापडला. तेव्हापासून रुळाच्या आसपास रेंगाळणाऱ्या कुणाकडंही रुळांची देखभाल करणारे गँगमन आणि की-मन दोनदा बघतात. दुसरी गोष्ट रीलवाल्यांची. उत्तर प्रदेशात एका तरुणानं व्हिडिओसाठी रुळावर सायकल, साबण, सिलिंडर असलं काहीबाही ठेवलं आणि २०२४ मध्ये त्याला अटक झाली. आपण गाडीवर जीव टाकणारी माणसं, गाडीच्या वाटेत खडासुद्धा ठेवणार नाही. पण लांबून बघणाऱ्याला आपल्या हातातला मोबाईल आणि त्याच्या हातातला मोबाईल सारखाच दिसतो. हा फरक दाखवून देणं आपल्याच हाती आहे.

कोण कोण विचारतं

खाकी दिसली की सगळे 'पोलीस' असं समजू नका. आरपीएफ म्हणजे रेल्वे सुरक्षा दल, हे केंद्राचं. रेल्वेची मालमत्ता, प्रवाशांची सुरक्षा आणि रेल्वे कायद्याखालचे गुन्हे ते बघतात. लोहमार्ग पोलीस, म्हणजे जीआरपी, हे राज्याचे. चोरी, मारामारी, अपघाती मृत्यू असले विषय त्यांच्याकडं जातात. बाहीवरचा बिल्ला वाचायची सवय लावा. नांदेड विभाग दक्षिण मध्य रेल्वेत येतो, त्यामुळं आरपीएफचा जवान तेलुगू किंवा हिंदी बोलणारा असू शकतो. त्याच्याशी मराठीचा आग्रह धरून सुरुवात करू नका. आपली मराठवाडी हिंदी चालते, उलट तिनं माणूस लवकर मोकळा होतो.

यांच्याशिवाय तिकीट तपासनीस, स्टेशन मास्तर, रुळांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन, फाटकावरचा गेटमन आणि रोज रुळावरून चालत जाणारा की-मन. अनुभवानं सांगतो, आपल्या हौसेचं भवितव्य आरपीएफच्या साहेबांपेक्षा या शेवटच्या तिघांच्या हातात जास्त असतं. साहेब बदलून जातात. गेटमन आणि की-मन वर्षानुवर्षं तिथंच असतात आणि "हा आपला पोरगा आहे, गाड्यांचे फोटो काढतो" एवढं त्यांनी म्हटलं की पुढचे चार प्रश्न गळून पडतात.

कायदा थोडक्यात

रेल्वे कायदा १९८९ चा आहे. त्यातलं कलम १४७ पाठ करा: परवानगीशिवाय रेल्वेच्या हद्दीत शिरलात, किंवा आत असताना बाहेर जा म्हटल्यावर गेला नाहीत, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. रूळ, खडी, यार्ड, फलाटाच्या उतारापलीकडची जागा, हे सगळं यात येतं. कलम १५३ त्याहून जड आहे. जाणूनबुजून प्रवाशांची सुरक्षा धोक्यात आणली तर पाच वर्षांपर्यंत कैद. कलम १५६ पायदानावर किंवा टपावर प्रवास करणाऱ्यांसाठी. दारात लटकून 'कर्व्ह शॉट' घेणाऱ्यांनी ते वाचावं.

१९२३ चा शासकीय गुपितं कायदा तुम्हाला कुणीतरी घाबरवायला सांगेल. त्यात रेल्वे आपोआप 'प्रतिबंधित जागा' होत नाही. केंद्र सरकारनं राजपत्रात तशी अधिसूचना काढलेल्या जागांपुरतं ते आहे. लष्करी जागा मात्र त्यात स्पष्टपणे येतात. छत्रपती संभाजीनगरला छावणीच्या बाजूनं रूळ जातो, तिथं कॅमेरा पिशवीतच ठेवा. मी तिथं आजवर एकही फोटो काढला नाही आणि त्यामुळं माझं काही अडलं नाही.

व्यावसायिक चित्रीकरणाला, म्हणजे सिनेमा, जाहिरात, मालिका यांना, रेल्वेच्या जनसंपर्क विभागाची आधी परवानगी लागते. हौशी माणसाबद्दल मात्र एका स्टेशनावर एक सांगतात, दुसऱ्यावर दुसरं. मे २०२५ मध्ये पूर्व रेल्वेनं व्लॉगर मंडळींना स्टेशनाचे व्हिडिओ काढू नका असं बजावलं, आणि अशा बातम्यांचा परिणाम आपल्याकडंही दिसतो. त्यामुळं 'मला पूर्ण हक्क आहे' असं मानून जाऊ नका. तुमच्या चॅनलवर पैसे येऊ लागले असतील तर "साहेब, हौस म्हणून काढतो" हे उत्तर पुरायचं नाही. तेव्हा लेखी परवानगीच घ्या.

जायच्या आधी

फलाट तिकीट दहा रुपयांचं, दोन तासांसाठी. ते खिशात नसेल तर बाकी सगळं बोलणं वाया जातं, कारण समोरच्याचा पहिला मुद्दाच खरा ठरतो. जास्त वेळ थांबायचं असेल तर सरळ जवळच्या स्टेशनाचं प्रवासाचं तिकीट काढा, परभणी-पूर्णा असं काहीतरी, आणि जाता-येता दोन्हीकडं काम करा. कॉलेजचं किंवा नोकरीचं ओळखपत्र आणि आधारची प्रत सोबत ठेवा. घरी कुठं जातोय ते सांगून जा. अठराच्या आतले असाल तर मोठ्या माणसाशिवाय जाऊ नका.

कॅमेरा लहान ठेवा. मोठी लेन्स, ट्रायपॉड, गिंबल, वर लोंबणारा माइक, एवढं बाहेर काढलं की हौशी माणूससुद्धा 'मीडियावाला' दिसतो. सुरुवातीचं वर्ष मोबाईल किंवा साधा कॅमेरा पुरतो. ड्रोनचा विचार सोडून द्या. रेल्वेवरून उडवायला वेगळी परवानगी लागते आणि ती न घेता उडवणाऱ्यामुळं बाकीच्या सगळ्यांची वाट बंद होते.

आणि विजेची तार. आपल्या मार्गावर आता २५,००० व्होल्टची ओव्हरहेड वायर आली आहे. डिझेलच्या काळात आम्ही पादचारी पुलावरून हात लांब करून फोटो काढायचो, ती सवय आता जीव घेईल. तारेला हात लागायचीही गरज नसते, जवळ गेलं तरी वीज झेप घेते. दोन मीटरच्या आत काही नेऊ नका. सेल्फी स्टिक तर स्टेशनावर उघडूच नका.

स्टेशनावर पोचल्यावर: पाच मिनिटं आधी बोला

सगळ्या लेखात एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. लपून काढाल तर चोर ठराल. खांबाआडून, जॅकेटखालून, फोनवर बोलतोय असं दाखवून काढलेला व्हिडिओ हा जगातला सगळ्यात संशयास्पद व्हिडिओ असतो. त्यापेक्षा कॅमेरा पिशवीत असतानाच स्टेशन मास्तरांच्या दारात उभं राहा.

पण कधी, हेही बघा. परभणी ते मुदखेड दुहेरी मार्ग आहे, पण परभणीच्या पश्चिमेला एकेरी रुळावर गाड्यांची क्रॉसिंग चालू असतात. सेलू, परतूर, रांजणीसारख्या स्टेशनात एक गाडी लूपवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, घेऊन दुसरी पास करायची असते, तेव्हा मास्तर फोनवर आणि सिग्नलच्या पॅनलवर असतात. त्या वेळी दारात जाऊन "सर, एक मिनिट" म्हणणं म्हणजे त्यांचं डोकं फिरवणं. गाडी निघून गेली, हिरवा झेंडा गुंडाळून ते आत आले, पाणी प्यायले, मग बोला.

मी असं बोलतो: "नमस्कार साहेब. मी इथलाच, अमुक कॉलेजात आहे. मला इंजिनांचे फोटो काढायचा छंद आहे. हे माझं फलाट तिकीट, हे ओळखपत्र. फलाटावरूनच काढीन, पिवळ्या पट्टीच्या आत उभा राहीन, तासाभरात जाईन. चालेल ना?" बस, एवढंच. दहातल्या सात वेळा ते म्हणतात, "काढ, पण रुळावर उतरू नको." दोन वेळा म्हणतात, "आरपीएफला सांगून ये." मग तिकडं जाऊन तेच शब्द पुन्हा. एखाद्या वेळी "नाही" म्हणतात. तेव्हा "बरं साहेब" म्हणून खरंच निघून जायचं. वाद घालून काढलेला एक फोटो तुम्हाला ते स्टेशन कायमचं बंद करतो.

लेखी परवानगी हवी असेल तर आधी बघा की तुमचं स्टेशन कुणाकडं येतं. मराठवाडा एका विभागात नाही. जालना, परभणी, नांदेड हे नांदेड विभागात. लातूर आणि धाराशिव मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात. उदगीर सिकंदराबाद विभागात. नांदेडला अर्ज देऊन लातूरच्या फलाटावर तो दाखवणाऱ्या एका पोराला मी स्वतः बघितलंय, आणि समोरच्या जवानानं तो कागद बाजूला ठेवला तेव्हा त्याचं तोंड उतरलं होतं. अर्ज विभागीय रेल्वे व्यवस्थापकांच्या नावे, जनसंपर्क अधिकाऱ्यांमार्फत द्या. मजकूर लांबवू नका:

"मी अमुक, राहणार अमुक, रेल्वे छायाचित्रणाचा छंद जोपासतो. अमुक स्टेशनाच्या फलाट क्रमांक १ वरून, अमुक तारखेला, सकाळी ७ ते ९ या वेळेत, वैयक्तिक संग्रहासाठी प्रवासी गाड्यांची छायाचित्रं घेऊ इच्छितो. रूळ, यार्ड, सिग्नल कक्ष व सुरक्षा व्यवस्थेचं चित्रण करणार नाही. सोबत ओळखपत्राची प्रत जोडली आहे. कृपया परवानगी मिळावी."

आवक शिक्का मारलेली प्रत मागून घ्या. उत्तर आलं नाही तरी ती प्रत कामाला येते. हा माणूस आधी विचारून आलाय, हे त्यावरून दिसतं.

काय काढायचं, काय नाही

गाडी काढा. इंजिन, डबे, वळण, पाऊस, फलाटावरचा चहावाला विचारून. इंजिनावरची अक्षरं वाचायला शिका, कारण त्यातच या छंदाची गोडी आहे. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, वाय म्हणजे मीटरगेज, झेड म्हणजे नॅरोगेज. मग ए म्हणजे वीज, डी म्हणजे डिझेल. पी प्रवासी, जी मालगाडी, एम दोन्ही. त्यामुळं डब्ल्यूएपी-७ बघितलं की ब्रॉडगेजचं, विजेचं, प्रवासी गाडीचं इंजिन एवढं एका नजरेत कळतं. इंजिनाच्या अंगावर शेडचं, म्हणजे ते इंजिन ज्या देखभाल केंद्राचं त्याचं, नाव लिहिलेलं असतं, लालागुडा, काझीपेट, कल्याण. देवगिरी, तपोवन, नंदीग्राम, सचखंड या गाड्यांना कुठल्या दिवशी कुठल्या शेडचं इंजिन लागलं याची वही ठेवा. ही वही पुढं किती कामाला येते ते खाली सांगतो.

काढू नका ते असं: सिग्नलच्या पेट्या आणि रिले रूम, मास्तरांचं पॅनल, रुळांमध्ये बसवलेली, गाड्यांची टक्कर टाळणाऱ्या 'कवच' यंत्रणेची साधनं, सीसीटीव्हीच्या जागा, तपासणीची यंत्रं, आरपीएफ चौकी, शस्त्र घेतलेला जवान. पुलाच्या खांबांचे, जोडांचे जवळून फोटो नकोत. पूल गाडीसोबत लांबून दिसला तर सुंदर, नुसत्या खांबाचा फोटो मात्र कुणालाही खटकेल. पूर्ण स्टेशन चालत-चालत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग टिपणं टाळा. रेकी तशीच दिसते.

मिल्ट्री स्पेशल आली, रणगाडे किंवा झाकलेल्या तोफा घेऊन, तर कॅमेरा खाली. बघा, सलाम करा, वहीतही लिहू नका. याला अपवाद नाही.

फ्लॅश बंद. रात्री समोरून येणाऱ्या लोको पायलटच्या डोळ्यांवर फ्लॅश मारणं हा त्याच्यावर आणि मागच्या हजार प्रवाशांवर अन्याय आहे.

रुळावर पाय नाही

८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपी गेलेल्या १६ मजुरांवरून मालगाडी गेली. टाळेबंदीत पायी घराकडं निघालेली माणसं होती ती. मी त्या भागातून गाडीनं जातो तेव्हा खिडकीजवळ बसून राहतो, काही काढत नाही. गाडी आल्याचं आपल्याला कळेलच, या भरवशावर कुणी रुळावर उभं राहू नये. वाऱ्याची दिशा उलटी असली की विजेवरची गाडी जवळ येईपर्यंत ऐकूच येत नाही, आणि कॅमेऱ्याच्या चौकटीत ती असते त्यापेक्षा खूप लांब वाटते.

रुळाबाहेरच्या जागा भरपूर आहेत. दौलताबाद स्टेशनाच्या बाजूला देवगिरीचा किल्ला मागं धरून गाडी मिळते. गंगाखेडला गोदावरीवरचा रेल्वेपूल नदीच्या काठावरून, पाणी असताना, संध्याकाळी बघा. फाटकाजवळ सार्वजनिक रस्त्यावर उभं राहिलं तर आवाजही छान मिळतो. फाटकाच्या अलीकडं रुळाकडेला 'सी/फा' (सीटी/फाटक) असा पिवळा फलक असतो, तिथून लोको पायलट शिट्टी द्यायला सुरुवात करतो. शेताच्या बांधावरून काढायचं असेल तर आधी शेतमालकाला विचारा. "काका, गाडीचे फोटो काढायचेत, बांधावर थांबू का?" म्हटलं की आपल्याकडं पाणी आधी मिळतं आणि परवानगी नंतर. सोयाबीन तुडवून कडेला गेलात तर मात्र पोलिसांआधी गाव गोळा होईल, आणि ते बरोबरच आहे.

अडवलं तर

हात थांबवा, कॅमेरा खाली घ्या, वळून नमस्कार करा. पळू नका, चालायलाही लागू नका. फोन खिशात कोंबू नका. पहिल्या दहा सेकंदांत समोरचा माणूस तुमचे हात बघत असतो.

मग न विचारता सगळं सांगा: नाव, गाव, काय करता, तिकीट आहे, मास्तरांना विचारलंय. "मास्तर साहेबांना भेटून आलोय" हे वाक्य खरं असेल तर ते सोन्याचं आहे. खोटं असेल तर तिथंच संपलात.

आता ती वही. एका मोठ्या स्टेशनावर मला दोन जवानांनी चौकीत नेलं. प्रश्न सुरू झाले, कुणासाठी काढतोस, कुणाला पाठवतोस. मी वही पुढं केली. तारीख, गाडी, इंजिन नंबर, शेड, आठ वर्षांच्या नोंदी. मग मोबाईलमधला एक अल्बम दाखवला, जो मी अशाच वेळेसाठी वेगळा ठेवलाय. त्यात १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाणी घेऊन लातूरला आलेल्या पहिल्या गाडीचा फोटो होता. दहा वॅगन, पाच लाख लिटर पाणी. त्यातला वयानं मोठा जवान तो फोटो बराच वेळ बघत राहिला. त्या दिवसांत त्याची ड्यूटी त्याच मार्गावर होती. मग त्यानंच दुसऱ्याला सांगितलं, "छोड़ दो, शौक़ीन आदमी है." तुम्हीही असा अल्बम करा. पाच-पन्नास नीट फोटो, गाड्यांचेच, तारखेप्रमाणं. तोंडी शंभर वेळा सांगून जे पटत नाही ते त्यानं पटतं.

फोटो डिलीट करायला सांगितले तर? माझं मत असं: फलाटावरची दोन-चार चित्रं असतील, आवाज चढलेला असेल, तर तिथंच पुसून टाका आणि घरी जा. गाडी उद्याही येते. फोन हातातून काढून घेत असतील, चौकशी तासभर लांबत असेल, तर शांतपणे पण स्पष्ट बोला. अधिकाऱ्याचं नाव आणि हुद्दा विचारा. वस्तू ताब्यात घेतली तर तिची लेखी नोंद आणि प्रत मागा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणं झडती-जप्तीचं चित्रीकरण व्हायला हवं. अटक केली तर कारण सांगावं लागतं, घरच्यांना कळवावं लागतं, वकिलाला भेटू द्यावं लागतं आणि चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढं उभं करावं लागतं. घरच्यांना कळवणं या संहितेत आहे, बाकीचं घटनेच्या कलम २२ मध्येच आहे. न वाचता कशावरही सही करू नका. पावतीशिवाय पैसे देऊ नका. दंड असेल तर त्याची पावती असतेच. वागणूक वाईट मिळाली तर तिथं भांडण्यापेक्षा घरी येऊन १३९ वर किंवा रेल मदद ॲपवर तारीख, वेळ, फलाट क्रमांकासह तक्रार नोंदवा.

सगळ्यांना सारखं विचारत नाहीत

हे लिहायला जड जातं, पण नव्या माणसाला सांगायलाच हवं. माझा एक मित्र माझ्याच वयाचा, माझ्यापेक्षा चांगले फोटो काढणारा. आम्ही दोघं एकाच फलाटावर, एकाच गाडीचे फोटो काढत होतो. माझं नाव विचारून मला सोडलं. त्याचं नाव ऐकल्यावर त्याला दोन तास बसवलं, मोबाईलमधले घरचे फोटोसुद्धा बघितले. नाव मुसलमानाचं, एवढंच कारण. शेवटी काही निघालं नाही आणि चहा पाजून सोडलं. त्यानंतर तो वर्षभर स्टेशनावर आला नाही.

म्हणून गटानं जाणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: ज्याला जास्त विचारतील त्याला एकटं पाठवू नका. अडवलं तर "तुम्ही जा" म्हटल्यावरही आम्ही सगळे सोबत आहोत म्हणून तिथंच थांबा. बोलणं सगळ्यांच्या वतीनं एकानं करावं. मास्तरांना भेटायला जाताना त्या मित्राला पुढं घेऊन जा, म्हणजे ओळख त्याची होईल. माझा मित्र आता परत येतो. पहिल्यांदा परत आला तेव्हा आम्ही सहाजण होतो.

पुण्या-मुंबईला गेल्यावर

शिक्षणाला, नोकरीला आपली पोरं पुण्याला जातात आणि पहिल्याच आठवड्यात मेट्रोचा व्हिडिओ काढायला लागतात. मेट्रोला वेगळा कायदा आहे, २००२ चा, सुरक्षा वेगळी, नियम प्रत्येक शहराचे वेगळे. दिल्ली मेट्रोनं २०२३ मध्ये डब्यात रील करू नका असं जाहीर बजावलं. त्यामुळं स्टेशनात शिरताना लावलेला फलक वाचा, ग्राहक सेवा खिडकीवर विचारा, आणि तपासणीच्या जागेकडं कॅमेरा वळवू नका. मुंबईच्या लोकलमध्ये दारातून बाहेर वाकून काढू नका, खांब अगदी जवळून जातात. बाकी रीत इथलीच.

व्हिडिओ टाकताना

स्टेशनावर उभं असतानाच टाकू नका, थेट प्रक्षेपण तर नकोच. घरी येऊन, एक-दोन दिवसांनी टाका. मालगाडीत काय भरलंय, कुठं किती वेळ थांबते, कुठल्या फाटकावर कोण नसतं, असलं काही लिहू नका. कर्मचाऱ्याचा चेहरा असेल तर त्याला विचारा. हौसेनं हात हलवणाऱ्या लोको पायलटचा व्हिडिओ तुम्ही प्रेमानं टाकता, आणि त्याला मात्र वरून विचारणा होऊ शकते. शीर्षकात 'गुप्त', 'आतली बातमी' असले शब्द वापरून बघणारे मिळवू नका. आपल्यानंतर त्या फलाटावर जाणाऱ्या पोराला त्याची उत्तरं द्यावी लागतात.

पहिली खेप

रविवारची सकाळ निवडा, छोटं स्टेशन निवडा. बीडच्या लोकांना आता आपलंच स्टेशन आहे. १७ सप्टेंबर २०२५ ला अहिल्यानगरची गाडी तिथून सुरू झाली आणि कर्मचाऱ्यांनाही त्या गाडीचं कौतुक आहे, पण गाड्या मोजक्याच, म्हणून वार आणि वेळ आधी बघून जा. फलाट तिकीट काढा. कॅमेरा पिशवीत ठेवून मास्तरांना भेटा, बाकावर बसा, दोन गाड्या नुसत्या बघा. कोण कुठं उभं राहतं, झेंडा कधी दाखवतात, की-मन किती वाजता जातो, ते डोळ्यांत साठवा. तिसऱ्या गाडीला कॅमेरा काढा. पाच फोटो पुरेत. निघताना मास्तरांना सांगून निघा आणि पुढच्या रविवारी येईन म्हणा.

त्या पाचातला एक फोटो झेंडा घेऊन उभ्या पॉइंट्समनचा असू द्या, त्याला विचारून काढलेला. आठवड्यात त्याची मोठी प्रिंट काढून घ्या आणि पुढच्या रविवारी कॅमेऱ्याआधी ती पिशवीतून बाहेर काढा.